आधी माणूस ठरवा, मग जागा : कोल्हापुरात निवारा, अन्नछत्र आणि वृद्धाश्रम चालवताना

कोल्हापुरात चांगल्या कामाला हात कमी पडत नाहीत. पंचगंगेचं पाणी सुतारवाड्यात शिरलं की शाळांचे वर्ग रिकामे करून दिले जातात, तालमीची पोरं पातेली बाहेर काढतात, बाजारातून तांदळाची पोती येऊन पडतात. हे चार-आठ दिवसांचं काम इथे उत्तम होतं. खरं अवघड आहे ते बारमाही काम. रोज रात्री कुणाला तरी झोपायला जागा देणं, रोज दुपारी शंभर पानं वाढणं, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस वेळेवर बदलणं हे काम हौसेवर निभत नाही.

या कामाचे नियम एका जागी सापडत नाहीत. धर्मादाय कार्यालय, महापालिका, अन्न व औषध प्रशासन, समाजकल्याण, प्रांत, पोलीस अशा पाच-सहा दारांत ते विखुरले आहेत. त्यामुळे लोक सोप्या टोकाला हात घालतात. कुणी उपनगरात दुमजली घर देतो म्हणाला की लगेच वृद्धाश्रमाचा फलक रंगवायला टाकतात. आमचं सांगणं उलटं आहे. तिथे रात्री कोण झोपणार, हे आधी कागदावर लिहा. घर तेच असलं तरी आत कोण राहतं यावरून त्याला लागणारा कायदा बदलतो.

चालते-फिरते, साठी ओलांडलेले आणि स्वतःच्या मर्जीने आलेले ज्येष्ठ ठेवायचे असतील तर वाट सर्वांत सरळ. त्यांच्यासाठीचा मूळ कायदा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा २००७ चा अधिनियम. महाराष्ट्राचे नियम २०१० चे. या कायद्यातलं कलम १९ राज्य सरकारला उद्देशून आहे : जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम. खासगी संस्थेच्या रोजच्या कामात मात्र उपयोगी पडतो तो प्रांताधिकाऱ्यांपुढचा अर्ज. मुलं सांभाळत नसतील तर ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकतात, आणि ते शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली संस्थाही करू शकते. शहर आणि करवीर तालुक्यासाठी असे अर्ज ऐकणारं न्यायाधिकरण म्हणजे करवीर प्रांत. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. दाखल करून घेताना ही माहिती आजी-आजोबांना एकांतात सांगा. सोडायला आलेल्या मुलासमोर ते बोलत नाहीत.

दाखल होणाऱ्याकडून घर किंवा जमीन लिहून घेणं, मग ते कितीही प्रेमाने दिलेलं असो, टाळाच. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली परत फिरवता येते. वाद तिथवर गेला नाही तरी नातेवाइकांचा संशय संस्थेला पुरून उरतो. अनामत रक्कम घेत असाल तर तिची वेगळी खातेवही ठेवा आणि माणूस गेला किंवा सोडून गेला तर किती दिवसांत, कुणाला परत करायची, हे प्रवेशाच्या दिवशीच लिहून सही घ्या.

अंथरुणावरचे रुग्ण घ्यायचे ठरवलं की चित्र पालटतं. सलाईन, ऑक्सिजन, जखमेची मलमपट्टी आणि परिचारिका यांच्या जोरावर आजारी, दुर्बळ माणसं ठेवणारी जागा १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तेव्हा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आधी लेखी विचारणा करा आणि लेखीच उत्तर घ्या.

मनोरुग्णांच्या बाबतीत तर चांगल्या मनाने चूक होते. बिंदू चौकात किंवा स्टँडवर भरकटलेला माणूस दिसला, दाढी-आंघोळ करून आश्रमात आणला, असं घडतं. मनोरुग्णांना देखभालीसाठी ठेवणारी जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नोंदवावी लागते. रस्त्यावर अशी व्यक्ती आढळली तर कलम १०० प्रमाणे तिला सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे, तीही २४ तासांत. इथे त्याचा अर्थ पोलीस ठाणे आणि सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. पुढच्या उपचारांसाठी आपल्या भागाला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीचं. साखळी किंवा दोरखंडाने बांधून ठेवणं कलम ९५ ने साफ बंद आहे. ‘रात्री पळून जातो म्हणून’ हे कारण तिथे चालत नाही.

आणि मूल. एकटं सापडलेलं अठरा वर्षांखालचं मूल एक रात्रही स्वतःच्या अधिकारात ठेवून घ्यायचं नाही. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करा किंवा पोलिसांना, नाहीतर बालकल्याण समितीला कळवा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांची मुदत आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी नसताना मुलं ठेवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आईबरोबर निवाऱ्यात आलेलं मूल ही गोष्ट वेगळी. त्याला अंगणवाडी आणि शाळेशी जोडून द्या.

कागदांचं थोडक्यात

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवणं हा पाया. नोंदणीपेक्षा पुढची शिस्त महत्त्वाची आणि बहुतेक संस्था तिथेच अडकतात. विश्वस्त बदलला, वारला किंवा पत्ता बदलला तर ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो, दहा वर्षांनी अनुदान किंवा बँकेच्या कामाला नोंदवहीचा उतारा काढला जातो आणि त्यावर निम्मे विश्वस्त दिवंगत असतात. हिशेबाचं लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत व्हावं. संस्थेची स्थावर मिळकत विकायची असो वा घरजागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असो, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

नोंदणी नसलेल्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी किंवा अन्नदानासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क ची परवानगी घ्यावी. गणेशोत्सवासाठी मंडळं ही परवानगी काढतातच, त्यामुळे कोल्हापुरात ती नवखी नाही. पुराच्या धावपळीत मात्र विसरली जाते. घरफाळ्यात धर्मादाय वापराच्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट मागता येते, पण इमारत पूर्णपणे त्याच कामासाठी वापरात असली पाहिजे. खालचे दोन गाळे भाड्याने दिले असतील तर त्यांच्यासाठी ती मागू नका.

इमारत

राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध आणि दुर्बळांच्या निवासाला साधं घर मानलेलं नाही. तो संस्थात्मक इमारतींच्या गटात, ‘क-२’ मध्ये येतो. म्हणजे राहत्या घराचा भोगवटा दाखला असला तरी वापरबदलाची परवानगी आणि अग्निशमन विभागाचा दाखला हे दोन विषय शिल्लक राहतात. शहरात हे महापालिकेच्या नगररचना विभागात होतं. हद्दीबाहेरच्या गावांत कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे चौकशी करावी लागते. नुसता ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुरत नाही. अग्निरोधक यंत्रणा बसवून झाल्यावर ती चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचं असतं. जुलैचं चुकतं, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष पावसाकडे असतं.

पेठांतले जुने वाडे दान म्हणून मिळतात. लाकडी तुळया, अरुंद जिने, एकच दार असे वाडे अन्नकोठी किंवा कार्यालय म्हणून वापरा, वृद्धांना झोपवू नका. चालता न येणारा प्रत्येक माणूस तळमजल्यावरच हवा. रॅम्पचा चढ १ : १२, म्हणजे पायरी अर्धा मीटर उंच असेल तर रॅम्प सहा मीटर लांब. जागा कमी म्हणून तो तीन मीटरचा केला की चाकाची खुर्ची ढकलणारी बाई दमते आणि मग तो वापरणंच बंद होतं. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. संडासाचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारं दार अडतं आणि मदत बाहेरच खोळंबते.

रात्री चोराच्या भीतीने बाहेरची जाळी कुलूपबंद करायची आपल्याकडे सवय आहे. ही सर्वांत घातक चूक. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत हवी आणि रात्रपाळीची व्यक्ती त्याच मजल्यावर जागी हवी. गॅसच्या टाक्या इमारतीबाहेर, जाळीच्या कोनाड्यात.

चूल

‘आम्ही विकत नाही, वाटतो, मग परवाना कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधल्या व्याख्येत नफ्यासाठी असो वा नसो, अन्न बनवणारा-वाटणारा उपक्रम अन्नव्यवसायच आहे. धार्मिक-सामाजिक कार्यक्रमांत अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणी सांगितली आहे. ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. उलाढालीनुसार साधी नोंदणी की परवाना हे ठरतं, त्यामुळे दान आलेल्या धान्याचीही बाजारभावाने किंमत धरून वर्षाचा हिशेब मांडा. स्वयंपाक्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, पाण्याचा तपासणी अहवाल आणि कीटकनियंत्रणाची पावती एका फाइलमध्ये ठेवली तर तपासणी सुरळीत होते.

प्रमाणासाठी शिवभोजन थाळी हा चांगला आधार आहे : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. ज्येष्ठांना हे एका वेळेला पुरतं. हमालीचं काम करणाऱ्याला पुरत नाही, त्याला भात दुप्पट धरा. भाताचा जास्तीचा वाटा धरून शंभर माणसांसाठी कोरडा शिधा साधारण असा : तांदूळ १० किलो, तूरडाळ ४ किलो, चपातीला ५ किलो कणीक, निवडून झालेली भाजी १० ते १२ किलो, तेल दीड किलो. १० किलो तांदळाचा २५ ते ३० किलो भात होतो. कांदा-लसूण चटणी वेगळ्या वाटीत द्या, आमटीत घालू नका. आपल्याला ती लागतेच, पण रक्तदाब आणि पित्ताच्या माणसांना तिखट-मिठाची निवड हवी. दात नसलेल्यांना भाकरी आमटीत कुस्करून, पंधरा मिनिटं मुरवून.

सर्वांत जास्त घोळ भातात होतो. मोठ्या हंड्यात झाकून ठेवलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, म्हणून ‘परत वाफ आणली’ हा उपाय नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर दोन तासांत वाढून संपवा. चार तास बाहेर राहिलेलं टाकून द्या. अन्न टाकताना जीव कळवळतो हे खरं, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला एका रात्रीच्या उलट्या-जुलाबांनी किती पाणी गमवावं लागतं, हे डोळ्यांपुढे ठेवा. दोन हजार रुपयांत मिळणारा सुईचा तापमापक प्रत्येक अन्नछत्रात असलाच पाहिजे.

लग्नसराईत मंगल कार्यालयांतून उरलेल्या जेवणाचे फोन येतात. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत आणि अशा संस्थेलाही नोंदणी लागते. फोनवरच तीन गोष्टी विचारा : किती वाजता शिजलं, आत्ता कशात ठेवलं आहे, आणि पंगतीत वाढायला बाहेर आलेलं आहे की भटारखान्यातून न हललेलं. सकाळी दहाला शिजलेलं अन्न दुपारी साडेतीनला मिळत असेल आणि ते गरम ठेवलेलं नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. बासुंदी, श्रीखंड, ओल्या खोबऱ्याची चटणी, चिरलेली फळं, कोशिंबीर घेऊच नका. चपात्या, सुकी भाजी, बुंदीचे लाडू चालतात. नोंदवहीत देणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थ, शिजल्याची वेळ, शाकाहारी की मांसाहारी, कुठे वाटलं आणि किती वाजता, एवढे रकाने भरले की कुणी आजारी पडल्यास माग काढता येतो. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना तारीख लिहून २४ तास फ्रीजमध्ये ठेवायची पद्धत लावा.

देखभाल

औषधांची चूक पाळी बदलताना होते. सकाळची बाई गोळी देते, नोंद करायची राहते, दुपारची पुन्हा देते. रक्तातली साखर कमी करणारी गोळी दोनदा गेली तर जिवावर बेततं. म्हणून गोळी तोंडात गेल्यावर लगेच सही, आधी नाही, नंतरही नाही. पाळी बदलताना दोघींनी वही समोर धरून पंधरा मिनिटं बोलायचं, आणि ही पंधरा मिनिटं पगारी धरायची.

अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघा. दाबलं तरी फिकी न होणारी लाली ही जखमेची पहिली पायरी आहे. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यामार्फत जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकल्या तर त्या कुणाच्या तरी हातात घुसतात.

निराधार रहिवाशांचे हक्क मिळवून देणं हाही देखभालीचाच भाग. संजय गांधी निराधार किंवा, ६५ वर्षांनंतर, श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड. पैसे रहिवाशाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होऊ द्या, पासबुक त्याच्याच उशाशी असू द्या.

मृत्यू झाला तर नोंद २१ दिवसांत आणि कळवण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाची. नेहमीच्या डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आधी घ्या. पडून, भाजून, किंवा कारण कळत नसताना मृत्यू झाला तर देह हलवण्याआधी पोलिसांना कळवा, नातेवाईक कितीही घाई करोत.

शहरी निवारा आणि पूर

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा सांगितला आहे, ५० ते १०० माणसांचा आणि दरडोई ५० चौरस फुटांचा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५,४९,२३६ चं होतं, म्हणजे किमान पाच. तो रात्री उघडून सकाळी बंद करायचा नाही, २४ तास चालवायचा. त्यामुळे काळजीवाहक तीन पाळ्यांत लागतात. एका माणसावर चालवायला गेलं की तो आठवड्यात थकतो आणि दार लवकर बंद होऊ लागतं. ओळखपत्र नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. नाव, अंदाजे वय, ओळखखूण लिहा आणि पोलीस ठाण्याला नियमित यादी द्या.

पुरासाठी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची : इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. वृद्धाश्रम पूररेषेजवळ असेल तर अंथरुणावरच्यांना हलवायला इशारा पातळीची वाट बघू नका, ३५ फुटांनाच रुग्णवाहिका सांगा. दिवसा, रस्ते कोरडे असताना. त्या दोन्ही वर्षी उपसा केंद्रं बुडाल्याने शहराचा नळ बंद पडला आणि शिरोलीजवळ महामार्ग अडल्याने दूध, गॅस, औषधं तुटली. म्हणून जुलै लागण्याआधी सात दिवसांची औषधं आणि गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या हव्यात. पिण्याचं पाणी दिवसाला माणशी तीन लिटर धरलं तर ५० जणांना सात दिवसांचं १,०५० लिटर होतं. मदत शिबिरासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे मापदंड : माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, ३० जणांमागे एक संडास. शाळेत संडास मोजून मगच किती माणसं घ्यायची ते ठरवा, वर्ग मोजून नव्हे.

टँकरचं पाणी टाकीत घेतल्यावर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळी ओतून, तासभर थांबा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, करा. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस द्या. उघड्या पोत्यातली जुनी टीसीएल मेलेली असते, ती कितीही घातली तरी उपयोग नाही.

शिबिर उठायच्या दोन दिवस आधी उरलेल्या माणसांची यादी करा. घर पडलेल्या म्हातारीचा पंचनामा तलाठ्याकडून झाला का, वाहून गेलेल्या रेशनकार्डाची दुसरी प्रत मागितली का, मुलगा असूनही न्यायला न आलेल्या आजोबांना प्रांतांकडे अर्ज करायचा आहे का, कुणाला सीपीआरमध्ये दाखवायला हवं, हे प्रत्येक नावापुढे लिहा. शिबिराच्या गाद्या-पातेली परत करायच्या आत प्रत्येक नावापुढे पुढचा पत्ता आणि सोबत जाणाऱ्याचं नाव आलेलं असलं पाहिजे.